पाचवं स्थान

सरजाबाई चर्चमधून आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर राखेचा क्रूस होता. जरासा पुसट, कडेला घामानं ओघळलेला. दारात चपला काढता काढता त्यांनी खिडकीपाशी पुस्तक घेऊन बसलेल्या रेणुकादासांकडे बघितलं आणि पाणी मागावं तितक्या सहज विचारलं, "आज राखेचा बुधवार. आजपासून आमचा उपासाचा काळ, ईस्टरपर्यंत. आनंदनं मटण सोडलं. मी मिश्री सोडली. तुमी काय सोडायलाव, इवाई?"

रेणुकादास चमकले. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली जमीनच लागावी, तसं. या घरात ते महिन्याभरापासून राहत होते. नांदेडला वजिराबादेत भाजी घेताना भोवळ येऊन ते रस्त्यावरच खाली बसले, कुणीतरी त्यांच्या फोनमधून मृण्मयीचा नंबर शोधला, आणि दुसऱ्या दिवशी ती येऊन वडलांना लातूरला घेऊन आली. तेव्हापासून खिडकीतली खुर्ची त्यांची. सकाळी मृण्मयी बँकेत जाई, जावई आनंदराज कॉलेजात शिकवायला जाई, मग घरात ते आणि विहीणबाई सरजाबाई, आणि दोघांच्या मध्ये पुस्तक. या घरची प्रार्थना, यांचे शुक्रवार, जेवणाआधी क्षणभर मिटलेले डोळे, हे सगळं आपण बाहेरून बघायचं, आदरानं, पाय जरा आखडून घेऊन, अशी त्यांची रीत होती. नदीच्या काठावर बसलेल्या माणसासारखी. त्या काठावर कुणी आपल्यालाही हाक मारील हे कधी मनात आलं नव्हतं, आणि आता हाक आली तर छातीत धडधडायला लागलं. भीतीनं की आनंदानं, ते कळेना.

"माझं काय राहिलंय सोडायला?" ते म्हणाले. "गोड बंद. भात बंद. मीठ कमी. सुपारी दातांबरोबरच गेली."

"ते डॉक्टरनं सोडिवलं," सरजाबाई म्हणाल्या. "तुमी काय सोडलं?"

स्वयंपाकघरातून मृण्मयीचं हसू ऐकू आलं. रेणुकादासही हसले, पण प्रश्न तसाच समोर उभा राहिला, पाहुण्यासारखा, बसायला सांगितल्याशिवाय न बसणारा. काय सोडलं आपण आयुष्यात? काशीला गेले होते तेव्हा घाटावर गुरुजी म्हणाले, एखादी आवडती भाजी, एखादं फळ गंगेत सोडा, परत कधी खाऊ नका. सगळेच सोडतात. रेणुकादासांनी दोडकं सोडलं. दोडकं त्यांना लहानपणापासून आवडत नसे. उमाबाई, त्यांची बायको, शेजारी ओल्या लुगड्यात उभी होती. तिनं सीताफळ सोडलं. सीताफळासाठी जीव टाकणारी बाई. बी तोंडात घोळवून घोळवून अगदी कोरडी करून बाहेर काढायची. परतीच्या गाडीत ती म्हणाली होती, "तुम्ही देवालासुद्धा नको असलेलंच दिलंत हो," आणि मग खिडकीबाहेर बघत बसली होती. ती गेली त्या वर्षीही फाटकापाशी हातगाडीवाला सीताफळं घेऊन उभा राहायचा आणि ती नुसता वास घेऊन आत यायची. हे सगळं डोळ्यांसमोरून सरकत असताना त्यांचा अंगठा पुस्तकाच्या पानात अडकलेला होता. पानाची कड बोटाला लागत होती. गार, धारदार, ओळखीची. आणि एकदम त्यांना दिसलं. इतकं उघड, इतकं जवळ, की अंगावर काटा आला.

"वाचणं," ते म्हणाले.

"काय?"

"वाचणं सोडतो. ईस्टरपर्यंत. पुस्तक नाही, पेपर नाही."

मृण्मयी हातात उलथनं घेऊनच दारात आली. "बाबा, तुम्ही? अहो, तुम्ही संडासात जातानाही काहीतरी घेऊन जाता."

"म्हणूनच," रेणुकादास म्हणाले, आणि स्वतःच्या धिटाईनं स्वतःच चकित झाले.

सरजाबाईंनी पदर खोचला. त्यांना सौदा दिसला होता. "शब्द दिलाव? मग चष्मा आणा इकडं. जवळचा. लांबचं तर तुमाला बिनचष्म्याचं दिसतंय."

"आणि तुमची मिश्री?"

सरजाबाई जराशा घुटमळल्या. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड त्या पोरवयापासून दाताला लावत आल्या होत्या. मग त्यांनी कनवटीची पत्र्याची छोटी डबी काढून टेबलावर ठेवली, पोटचं काही ठेवावं तशी. "घ्या. तुमच्याजवळ ठिवा. मी मागितली तरी द्यायची न्हाई. रडले तरी न्हाई."

"आणि बसची पाटी वाचली तर? औषधाच्या पाकिटावरचं?"

"आता सुरू झालं बघ मास्तराचं," सरजाबाई सुनेला म्हणाल्या. "अवो, औषध वाचून घ्या. उगं मरून आमच्यावर आळ नका आणू."

डबी रेणुकादासांनी सदऱ्याच्या खिशात टाकली. चष्मा सरजाबाईंच्या उशीखाली गेला. दोघांनी एकमेकांकडे गुन्ह्यातल्या भागीदारांसारखं बघितलं.

पहिले काही दिवस हात आपोआप उठत. चहा आला की उजवा हात टेबलावर चाचपडे, पेपरची घडी शोधत, आणि रिकामाच परत येई. फाटकातून पेपर पडल्याचा आवाज झाला की कानशिलं तापत. पण त्या रिकाम्या जागेत भलतंच काही आत येऊ लागलं, आणि रेणुकादासांना झोप लागेनाशी झाली, लहान मुलाला जत्रेच्या आदल्या दिवशी लागत नाही तशी. आवाज! घरात केवढे आवाज होते. टँकरच्या पाइपातून हौदात पडणाऱ्या पाण्याचा आवाज आधी जाड असतो आणि हौद भरत येईल तसा बारीक होत जातो. शेजारच्या क्लासमधून पोरं सुटली की सायकलींच्या घंट्या, एकमेकांना दिलेल्या शिव्या, मग एकदम शांतता. सरजाबाई मिश्रीवाचून चिडलेल्या असत, त्यामुळे भांडी आदळत; कढईचा आवाज वेगळा, पातेल्याचा वेगळा, आणि ताटलीचा सगळ्यात रागीट. मृण्मयी कणीक मळताना गुणगुणते, आणि मीठ तळहाताच्या मागच्या बाजूला घेऊन चाखते. तळहाताच्या मागच्या बाजूला! हे उमा करायची. हे इतकी वर्षं रोज चाललेलं असतं आणि आपण पानाच्या पलीकडे बसलेलो असतो. त्यांना वाटे, उठून रस्त्यावर जावं आणि कुणाला तरी धरून सांगावं. मग लगेच वाटे, काय सांगणार? की बायका मीठ चाखतात? सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हा शोध लागावा याचीच लाज वाटे. आणि लाजेच्या आतून पुन्हा तो आनंद उकळी फुटल्यासारखा वर येई.

संध्याकाळची प्रार्थना हॉलमध्ये होई. पूर्वी त्या वेळी ते आतल्या खोलीत जाऊन वाचत. आता न वाचता आत बसणं म्हणजे अंधारात भिंतीकडे बघणं, म्हणून ते दारातच स्टूल घेऊन बसू लागले. ना आत, ना बाहेर. सरजाबाई गुडघे टेकू शकत नसत, त्या भिंतीला टेकून बसत. आनंदराज गुडघ्यांवर. मृण्मयी नवऱ्याच्या मागे मांडी घालून. ती कपाळावर कुंकू लावून बसे, आणि आईसाठी धरलेली संकष्टीही तिनं सोडली नव्हती. संकष्टीला साबुदाण्याच्या खिचडीवर तूप वाढताना सरजाबाई म्हणत, "तुमच्या उपासाला तूप लई लागतंय बाई," आणि स्वतःच आणखी एक चमचा वाढत. आनंदराज पुस्तकातली प्रार्थना संपवून शेवटी स्वतःच्या शब्दांत काही म्हणे, हळू, अडखळत. हा मुलगा एकेकाळी नांदेडच्या कॉलेजात रेणुकादासांच्या मराठीच्या तासाला दुसऱ्या बाकावर बसत असे आणि घरी येऊन पुस्तकं घेऊन जाई. अजूनही त्यांना ‘सर’च म्हणतो. एका संध्याकाळी ते ऐकत होते. तो म्हणाला, "...आणि नळाला पाणी येऊ दे, आईच्या गुडघ्याला आराम पडू दे, आणि सरांची साखर खाली येऊ दे." रेणुकादासांनी मान खाली घातली. इतकं ते वाचत आले, किती भाषांतली स्तोत्रं, किती संतांची वचनं, आणि कुणी आपलं नाव घेऊन देवाकडे आपली साखर कमी करायला सांगतोय, आपल्यादेखत, ही गोष्ट कुठल्या पानावर भेटली नव्हती. आपणही एक वाक्य म्हणावं असं त्यांना इतकं अनावर वाटलं की ओठ हलले. पण वाक्य आलं नाही. जे येई ते कुणाचं तरी असे. ते मनात शोधत राहिले, सापडली ती फक्त अवतरणं.

वाक्य हवं होतं ते कुणासाठी, हे त्यांना माहीत होतं. नुसतं देवासाठी नव्हे. मृण्मयी त्यांना काहीच विचारत नसे. जेवण, औषधं, आंघोळीचं पाणी, सगळं वेळेवर करी, हसून बोले, पण तिच्या वाक्यांना कधी प्रश्नचिन्ह नसे. "बाबा, गोळी घ्या." "बाबा, पंखा लावते." इतकी वर्षं हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, आता रिकाम्या कानांना ते सतत ऐकू येऊ लागलं. एका शुक्रवारी संध्याकाळी ती मेथी निवडत बसली होती. ते जवळ जाऊन बसले आणि एक जुडी आपल्याकडे ओढली. काड्या कुठं मोडायच्या ते त्यांना कळेना; तिनं न बोलता दाखवलं. थोडा वेळ दोघं निवडत राहिले. बोटांना मेथीचा कडवट वास लागला. ते म्हणाले, "तुझ्या आईनं तुमच्या लग्नाला आधी..." आणि थांबले.

"आईचं ‘नाही’ मला माहीत आहे, बाबा," मृण्मयी म्हणाली. रागावून नव्हे, मेथीत माती फार आहे असं सांगावं तशी. "आणि नंतरचं ‘हो’सुद्धा माहीत आहे. एकटी बसनं आली होती, मांडीवर लोणच्याची बरणी धरून. दारातच म्हणाली, जागा कर, बरणी जड आहे. तुमचंच काही माहीत नाही."

एवढं बोलून तिनं निवडलेला पाला चाळणीत टाकला आणि नळाखाली धरला. पाण्याच्या आवाजात रेणुकादासांना दुसरा एक आवाज ऐकू आला. आनंदराजशी लग्न करायचं असं मृण्मयीनं सांगितलं त्या दिवशी, नांदेडच्या घरात, दिवेलागणीच्या सुमाराला, उमा आत रडत होती आणि ही पोरगी दारात उभी होती. चेहरा पांढरा, हातात ओढणीचं टोक पिळलेलं. तिनं विचारलं होतं, बाबा, तुम्हाला काय वाटतं? त्यांना काय वाटत होतं ते त्यांना त्या क्षणी पक्कं माहीत होतं. दुसऱ्या बाकावरचा तो मुलगा त्यांना आवडत होता. पण आत उमा होती, बाहेर लोक होते, आणि हातात पुस्तक होतं. त्यांनी पान उलटलं. पान उलटल्याचा तो आवाज. किती हलका असतो! घरात कुणाला जाग येऊ नये इतका. त्यानंतर तिनं त्यांना काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, घर बघून येतो, छतावरची टाकी गळते असं शेजारी म्हणत होते. हे खोटं होतं, आणि सरजाबाईंनी ते ओळखलं असावं. त्या नुसत्या म्हणाल्या, "डबी घेतलाव ना संगं?"

नांदेडला कुलूप उघडलं तर बंद घराचा तो वास अंगावर आला, कागदाचा, धुळीचा, जुन्या डिंकाचा, आणि त्यांना इतका उल्हास वाटला की चपला न काढताच ते आत गेले. चारी भिंतींना पुस्तकं. आणि टेबलाच्या खणात दुसरा चष्मा! तो ते विसरले नव्हते. बसमध्ये सगळ्या वाटेवर तो खण त्यांच्या डोळ्यांसमोर होता. खण उघडला. चष्मा डोळ्यांवर चढवला. कपाटातल्या पुस्तकांच्या पाठीवरची धूसर अक्षरं एकदम ताठ उभी राहिली, शिपायांसारखी. इथं कोण बघतंय? आपण तर त्यांच्यातले नाही. हा नेम आपल्याला लागूच नाही. शिवाय वाचायचं कशासाठी, तर मुलीला सांगायचं एक वाक्य शोधण्यासाठी. यात पाप कसलं? रानात भुकेल्या येशूपुढं सैतान आला तो दगडाची भाकर कर म्हणाला, तेही अगदी समजुतीचंच बोलला होता. त्यांनी हात वर केला, एक पुस्तक अर्धं ओढलं, आणि पुढं झुकताना खिशातली डबी कपाटाच्या कडेवर आपटली. टण. त्यांनी ती बाहेर काढली, झाकण उघडलं. काळा, करपट, झोंबणारा वास. त्यांना शिंक आली. मग आणखी एक. ही वस्तू कुणाला हवीशी वाटते! आणि लातूरला उशीखाली आपला चष्मा. सरजाबाईंना अक्षरओळख नाही, त्यांना तो लोखंडाच्या तारेइतकाच. आपण दोघांनी एकमेकांचा मोह सांभाळायला घेतलाय, आणि दोघांनाही दुसऱ्याचा मोह म्हणजे नुसता कचरा! ते रिकाम्या घरात मोठ्यानं हसले. हसता हसता खुर्चीत बसले, चष्मा काढला, आणि अक्षरं पुन्हा विरघळून गेली. संध्याकाळ होत आली. लांबून गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन वाऱ्याबरोबर येत-जात होतं. या भिंतींत ते वाक्य नाही, हे त्यांना अगदी शांतपणे कळलं. इथं असतं तर ते एवढ्या वर्षांत सापडलं असतं. अर्धं ओढलेलं पुस्तक त्यांनी बोटानं आत ढकललं.

परतीच्या बसमध्ये अहमदपूरला एक माणूस शेजारी येऊन बसला, धोतर, टोपी, मांडीवर वैरणीच्या विळ्याची पिशवी. एरवी रेणुकादासांनी पुस्तक वर केलं असतं. आता वर करायला काही नव्हतं.

"कुठं निघालाव?" तो म्हणाला.

"लातूरला. मुलीकडे."

"जावई काय करतेत?"

"शिकवतात. माझाच विद्यार्थी. माझा जावई ख्रिस्ती आहे," ते म्हणाले, आणि इतक्या जोरात म्हणाले की पुढच्या बाकावरची बाई वळून बघायला लागली. हे शब्द त्यांनी कधी कुणापुढे उच्चारले नव्हते. नांदेडला कुणी विचारलं तर ते ‘लातूरला असतात’ म्हणत.

त्या माणसानं विचार केला. "बरं. शेती हाय का त्याला?"

"नाही."

"हां, मग अवघड हाय," तो गंभीरपणे म्हणाला. चाकूर आलं तेव्हा उतरताना त्यानं हात केला, "पोरीला सांगा, दोन एकर तरी घ्या म्हनावं!" रेणुकादास लातूर येईपर्यंत आपल्याशीच हसत होते. बाहेर हरभरा काढून मोकळी झालेली रानं सरकत होती, मधूनच एखादा पळस पेटलेला. बोललो! जगबुडी झाली नाही. माणसानं फक्त शेती विचारली.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी संध्याकाळी चर्चमध्ये फादरांनी बारा जणांचे पाय धुतले. ते बघून घरी येताना सरजाबाई म्हणाल्या, "उद्या सकाळी क्रूसाची वाट हाय. येशू क्रूस घेऊन गेला त्या वाटेवरची चौदा स्थानं, चौदा घरांपुढं थांबायचं. ज्याच्या दारात स्थान, त्या घरानं वाचायचं, अन् मग पुढच्या दारापर्यंत त्यांनीच क्रूस न्यायचा. आपल्या दारात पाचवं. आनंदचे वडील वाचायचे, मग आनंद. यंदा मी फादरला सांगून ठिवलंय, आमचे इवाई वाचतेत."

रेणुकादास रस्त्यातच उभे राहिले. "मी? अहो, मी तुमच्यातला नाही."

"मग शिमोन कुठं आमच्यातला होता? पाचवं त्याचंच हाय. परगावचा मानूस, रानातून घराकडं निघाल्ता. कडंला उभं राहून बघायला लागला, तर शिपायांनी धरला अन् क्रूस दिला खांद्यावर. त्यानं कुठं इचारलं, मी कोन तुमचा?"

"पण वाचणं मी सोडलंय."

"ते ठाऊक हाय. चष्मा मी घेऊन येते. फादर म्हणले, देवाच्या कामाला घेतला तर नेम मोडत न्हाई." मग थांबून म्हणाल्या, "तुमचं तुमी बघा."

शुक्रवारी सकाळी घरात कुणी काही खाल्लं नाही. रेणुकादासही नको म्हणाले तेव्हा सरजाबाईंनी भाकरीचा कुटका त्यांच्यापुढं आदळला. "तुमचा उपास डोळ्याचा हाय, पोटाचा न्हाई. मधीच आडवे झालाव तर क्रूस सोडून तुमालाच उचलावं लागंल. खा." त्यांनी भाकरी पाण्याबरोबर गिळली. भीती वाटत होती. शाळेत पहिल्यांदा उभं राहून कविता म्हणायची होती तेव्हासारखं, कॉलेजात पहिला तास घ्यायचा होता तेव्हासारखं, आणि तरी या भयाच्या तळाशी काहीतरी टुणटुण उड्या मारत होतं. ऊन चढता चढता मिरवणूक वस्तीत शिरली. बायकांचे पदर, पुरुषांचे डोक्याला गुंडाळलेले रुमाल, टाळ नाही, ढोल नाही, फक्त एकच संथ सूर आणि धुळीत घासणारी पावलं. पुढं क्रूस. बाभळीचं लाकूड, नुसतं तासलेलं, गाठी तशाच ठेवलेल्या. चार घरांपुढं थांबून तो पाचव्या दाराशी आला. गर्दी ओट्यापुढं अर्धगोल उभी राहिली. सरजाबाईंनी एका हातात कागद दिला, दुसऱ्या हातात चष्मा.

ते ओट्यावर चढले. चष्मा लावला. कागदावरची छापील अक्षरं समोर आली, काळी, स्वच्छ, तयार. सोपं होतं. नुसतं डोळ्यांनी चालत जायचं, एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर; हे तर जन्मभर केलेलं. त्यांनी वर बघितलं. चष्म्यातून सगळी माणसं पाण्याखाली असल्यासारखी दिसत होती. चेहरे नाहीत, नुसते रंग. मृण्मयी कुठली तेही कळेना. त्यांनी चष्मा नाकावरून खाली सरकवला, आणि ती एकदम दिसली. गर्दीच्या मागं, आनंदराजच्या खांद्याआडून, कपाळावरचं कुंकू उन्हात ओलं झालेलं. तिचा चेहरा असा दिसत होता की एकेक रेघ मोजावी. आणि हातातला कागद पांढरा झाला. दोन्ही एकदम दिसणार नव्हतं. डॉक्टरांनी कितीदा सांगितलं होतं, दोन्हीचा एक चष्मा करून घ्या. त्यांनी घेतला नव्हता. जवळचं दिसलं की पुरे, असं म्हणत आले होते.

त्यांनी चष्म्याच्या काड्या मिटल्या आणि तो सरजाबाईंच्या हातात ठेवला. कागदही.

"शिमोन," ते म्हणाले. आवाज फाटला. मागून कुणीतरी "मोठ्यानं, सर" म्हणालं. तो आनंदराज होता. "शिमोन शेतातून घरी चालला होता. त्याचा काही संबंध नव्हता. तो कडेला उभा राहून बघत होता. कडेला उभं राहिलं की... की आपण वाईट काही केलं नाही असं वाटतं. मी पुष्कळ वर्षं तसा उभा आहे." कुठंतरी एक मूल खोकलं. पुढचं वाक्य कुठं लिहिलेलं नव्हतं. ते नव्हतंच, आणि तरी ते जिभेवर होतं, कोमट, खारट, तळहाताच्या मागच्या बाजूनं चाखल्यासारखं. "शिमोनाला कुणी विचारलं नाही, तुला काय वाटतं. धरलं आणि ओझं दिलं. मला विचारलं होतं. माझ्या मुलीनं दारात उभं राहून विचारलं होतं. तेव्हा मी बोललो नाही. मला हो वाटलं होतं. तेव्हाच. हो." आणि मग, हात कुठं जोडायचे, कसे जोडायचे ते न समजल्यामुळे नुसते छातीशी धरून, "देवा, एवढंच," असं ते म्हणाले.

गर्दीतल्या पुष्कळांना काही कळलं नसावं. पण नेहमीप्रमाणे सगळे गुडघ्यांवर बसले, आणि फादरांनी प्रार्थना म्हटली. रेणुकादास ओट्यावरून उतरले. आनंदराजनं क्रूसाचं पुढचं टोक खांद्यावर घेतलं. मागचं टोक जमिनीला टेकलेलं होतं. तिथं तरणी माणसं हात लावायला पुढं आली, पण सरजाबाईंनी त्यांना कोपरानं मागं सारलं. रेणुकादास वाकले. लाकूड उन्हानं तापलेलं होतं. एक गाठ बरोबर मानेच्या खाली रुतली. ओझं आलं आणि त्याबरोबर श्वासच थांबला. हे एवढं असतं! खिशातली मिश्रीची डबी बरगडीला टोचत होती.

"लई वाकू नका, इवाई, कंबर धरंल," सरजाबाई शेजारून कुजबुजल्या. त्यांच्या आवाजाला काय झालं होतं कुणास ठाऊक.

सूर पुन्हा सुरू झाला. पावलं पडू लागली, आनंदराजची पुढं, त्यांची मागं; लाकडातून त्याच्या प्रत्येक पावलाचा धक्का त्यांच्या खांद्यापर्यंत येत होता. सहावं दार लांब दिसत होतं. मग उजव्या बाजूनं कुणीतरी घाईघाईनं माणसांतून वाट काढत आलं आणि लाकडाखाली त्यांच्या हाताशेजारी एक हात टेकला. त्याला मेथीचा नव्हे, साबणाचा वास होता.

"बाबा," मृण्मयी म्हणाली. तिला धाप लागली होती. "जड आहे का?"

तिनं विचारलं होतं. त्यांच्या कानांनी ते ऐकलं. शेवटी वर उचललेला तो सूर, उत्तराची वाट बघत थांबलेला.

"आहे," रेणुकादास म्हणाले. "सोडत नाही."